रोह्याला गेलेला पत्रा

यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर उद्यापासून माझ्या चहात साखर पडू नये, आणखी काय सांगू? हसताय काय... ऐका आधी.

कोरोनाच्या वर्षी जूनमध्ये ते वादळ आलं, आठवतंय ना? आधीच सगळे दारं लावून बसलेले, त्यात हे. पेणला दत्ताशेठच्या गणपती कारखान्याचा एक पत्रा उडाला. उडाला म्हणजे कसा... वडखळला थांबला नाय, नागोठण्याला अंबा नदी ओलांडली, आणि रोह्याला जाऊन हर्षदच्या छोट्या हत्तीत — टेंपो हो, टेंपो! — अलगद उताणा पडला. वर लाल रंगात कारखान्याचं नाव नि फोन नंबर.

हर्षद लग्नाच्या मांडवाचं सामान वाहायचा. लग्नंच बंद, म्हणून गाडी दारात उभी. मोबाइलला रेंज आली तसा त्यानं फोन लावला.

"हॅलो, तुमचा पत्रा आमच्या गाडीत येऊन बसलाय."

फोनवर दत्ताशेठची मुलगी, दिशा. "मग? उतरत नाय का?"

"नाय म्हणतो. पेणला सोडा म्हणतो."

"सोडा मग. भाडं त्याच्याकडूनच घ्या."

दुसऱ्या दिवशी आला की पठ्ठ्या! तोंडाला निळा मास्क. दिशा दारात उभी, कोपरापर्यंत हात प्लास्टरनं पांढरे, तिच्याही तोंडाला मास्क. दिसत होते ते फक्त डोळे. हर्षदचा उजवा डोळा सरळ बघायचा, आणि डावा... डावा आधीच हसून मोकळा.

"पत्रा कुठं ठेवू, ताई?"

"ताई कोणाला म्हणता?"

"मग काय म्हणू?"

"नाव हाय ना मला. दिशा."

"बरं. मग कुठल्या दिशेला ठेवू?"

"हे शाळेपासून ऐकत्ये मी. दुसरं काय येतं का?"

"पत्रा ठोकायला येतो," तो म्हणाला, आणि शिडी लावून चढलासुद्धा.

वरून त्याला कारखाना दिसला. मुंबईच्या मंडळांसाठी केलेले उंचच्या उंच गणपती, मुकुट छताला टेकलेले. थोड्याच दिवसांत सरकारी हुकूम आला, मंडळाची मूर्ती चार फूट, घरातली दोन. एकेका मंडळाचा फोन यायला लागला, 'यंदा नको'. दत्ताशेठनं ब्रश धुऊन खिडकीत उभा केला. त्या कारखान्यात डोळ्यांची आखणी फक्त त्यांच्या हातची. शांत, अर्धे मिटलेले डोळे. बघितल्याबरोबर लोक म्हणायचे, हा दत्ताशेठचा गणपती.

"जागा गोदामाला देतो," ते म्हणाले. "मला नाय आता बघवत."

गोदामवाला टेप घेऊन मोजून गेला. त्या दिवशी दिशा मागच्या पायरीवर रडत बसली होती. समोर, चांगल्या दोन हातांवर, हर्षद; पत्रा नीट बसलाय का बघायला म्हणून परत आलेला. जवळ बसायची सोय नव्हती ना तेव्हा!

"घरात बसवायला लहान मूर्ती नाय का करत?" त्यानं विचारलं.

"साचे हायत माळ्यावर, आजोबांचे. पण घ्यायला येणार कोण? पेणला यायचीच चोरी."

"लोक येणार नाय, तर गणपतीनं जावं. नागोठणं, कोलाड, रोहा... माझी गाडी काय नुसती पत्रे वाहायला हाय?"

झालं! साचे उतरले. कारागीर निम्मे गावाला अडकलेले, जे होते त्यांना दिशानं लांब लांब बसवलं. दारात साबण नि बादली. मूर्ती पसंत करायची ती फोनवर. दिशा व्हिडिओ कॉलवर एकेक मूर्ती दाखवायची, आणि मागून हर्षद, "काकी, हा बघा, मोदक जरा मोठाय!" गावोगाव फिरून गिऱ्हाईक त्यानंच जोडलं. दिशा पुढच्या सीटवर बसून जायची, दोन्ही काचा खाली, वारा असा की बोललेलं अर्धं बाहेर उडून जायचं.

"मास्क काढ ना एकदा," ती म्हणायची.

"नको गो. दात पुढे आलेत."

"खरं सांग!"

"आणि मिशी हिरवी हाय."

ती हसायची... तो आरशात बघायचा. कोलाडला थांबून चहा घ्यायचे, तोसुद्धा एकमेकांकडे पाठ करून! आता सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाय. पण तेव्हा पाठीमागून नुसती बशीची किणकिण ऐकायलाही गोड लागायची बाई.

आणि मग एक दिवस टेंपो आला नाय.

फोन आला. "दिशा... मला लागण झालीय. सेंटरला नेतायत." मध्येच खोकला. "गाडीची किल्ली आत्याकडं हाय. मूर्ती पोचव, थांबू नको."

"तू गप राहा. बोलू नको."

"मग फोन कशाला उचललास?"

तिनं फोन कानाला घट्ट लावला. त्याचा श्वास ऐकत राहिली.

गणपती तोंडावर आले. रंगकाम झालेल्या मूर्ती रांगेत उभ्या, डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. बाबा उठेनात. एका सकाळी दिशानं खिडकीतला ब्रश घेतला. बाबांसारखेच काढायचे, शांत, अर्धे मिटलेले... असं घोकत बसली आणि सगळ्या रांगेला डोळे देऊन उठली.

गाडी भरायच्या दिवशी दत्ताशेठ खाली आले. एका मूर्तीपुढं थांबले, दुसऱ्या, तिसऱ्या.

"हे माझे डोळे नव्हेत."

"बाबा, मी तुमच्यासारखेच..."

"कोणाचे हायत?"

"असेच."

त्यांनी एक मूर्ती उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "यंदा सगळीकडे रडारड हाय. हसणारा गणपती कोणाच्या घरी गेला तर बिघडत नाय." आणि मुलगी बघत असतानाच गोदामवाल्याला फोन लावला. "जागा द्यायची नाय. माझा कारखाना चालू हाय."

दिशा रडली की हसली, ते मास्कमुळे कोणाला कळलं नाय.

मूर्ती न्यायला हर्षद स्वतः आला. सेंटरमधून सुटलेला, शर्ट अंगावर लोंबत होता, पण आला. दिशा नेहमीसारखी पुढच्या सीटवर. पहिली मूर्ती रोह्याला, त्याच्या आत्याकडं, कृष्णाबाईकडं. आपल्याकडं गणपती घरी येतो तो तोंडावर रुमाल घेऊन, तसाच तो आला. पाटावर ठेवला, कृष्णाबाईनं रुमाल काढला... आणि ती बाई बघतच राहिली. उजवा डोळा सरळ. डावा आधीच हसून मोकळा.

"गो माझे बाई! हा तर आमचा हर्षद!"

"काय तरी काय, आत्या..." हर्षद पुढं झाला. त्यानं बघितलं. मग दिशाकडं बघितलं. दिशा आपल्या पायाच्या अंगठ्याकडं!

"मला वाटलं, मी बाबांसारखे काढले," ती पुटपुटली. "तू दिसत नव्हतास ना इतके दिवस."

कृष्णाबाई शहाणी. "दूर्वा आणत्ये," म्हणून परसात गेली ती गेलीच.

हर्षद दाराशी गेला, लांब उभा राहिला आणि त्यानं कानामागची दोरी सोडली. दात कुठं पुढं नव्हते. मिशी होती, काळीच. हनुवटीला खळी, ती मात्र तिनं मनात कधी धरली नव्हती.

"दिशा," तो म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

पुढच्या वैशाखात झालं लग्न, पेणलाच, मोजक्या माणसांत. मांडवाचं सामान नवऱ्यानं स्वतःच्या गाडीतून आणलं. अजून त्या कारखान्यातले घरचे गणपती तसेच हसतात, कुठल्याही घरी जाऊन बघा.

तर असं. सगळं खरं... बरं बाई, एक सोडून. डोळे नका वटारू, सांगते.

त्या दिवशी दारात हर्षदनं काही विचारलं नव्हतं. तो नुसता मास्क हातात घेऊन उभा, तोंड उघडायचा नि मिटायचा. विचारलं ते आमच्या दिशानं.

"गाडीत पुढच्या सीटवर दुसरी कोणी बसवलीस तर याद राख. लग्न करतोस का माझ्याशी?"

आणि तो, एवढा बडबड्या, नुसती मान हलवून रडायला लागला.