शेजारची खुर्ची

शाल्मली कोष्टीचं ओढचित्र तिसऱ्यांदा सपाट आलं, तेव्हा तिच्या आईने पेढ्यांचा पुडा पिशवीतून बाहेर काढलाच नाही. ओढचित्र हाती पडलं की केंद्राच्या दारातच पेढे वाटायची पद्धत मिरजेत गेल्या काही वर्षांत पडली होती. दहावीचे मार्क आता कुणी विचारत नसे. ‘शिखर कशात आलं?’ एवढंच विचारत.

ओढपट्टी म्हणजे कपाळावर बांधायची बोटभर रुंदीची मऊ पट्टी. मन एखाद्या गोष्टीत रमलं की मेंदूतल्या लहरी एका लयीत येतात, श्वास संथ होतो, पापणी कमी लवते. पट्टी ते सगळं टिपून त्याची रेघ काढी. मुलाला निवांत कक्षात बसवत आणि त्याच्यासमोर कधी मोटारीचे सुटे भाग ठेवत, कधी बियाणी, कधी कोर्टातलं भांडण, कधी नुसतं गणित. जिथे मन रमेल तिथे रेघ वर चढे. त्याला म्हणायचं शिखर, आणि त्यावरून ठरायची शाखा. खरं सांगायचं तर सोय मोठी होती. कितीतरी मुलं नको त्या कॉलेजात जायची वाचली होती.

कक्षात खुर्ची एकच असे. पहिल्या वर्षी दोन होत्या, पालकांसाठी एक. त्या वर्षी अख्ख्या जिल्ह्यात एकजात डॉक्टरकीची शिखरं आली. चौकशीत कळलं, की हृदयाचा नमुना समोर आला की आया पोराला कोपराने ढोसत होत्या आणि वडील घसा खाकरत होते. आपण मराठी आईबाप, परीक्षेला बसवलेलं पोर एकटं सोडणं आपल्या रक्तातच नाही. तेव्हा दुसरी खुर्ची निघाली, काचेचं दार आलं आणि केंद्रप्रमुख हेरवाडकर सरांनी तो नियम देव्हाऱ्यातल्या समईसारखा जपला.

त्या एकट्या खुर्चीत शाल्मली तीनदा बसली. बियाणी बघितली, भांडण ऐकलं, गणितही सोडवलं, बरोबर सोडवलं. पण रेघ कुठेच हलली नाही.

“अगं, काहीतरी आवडत असेल की तुला!” आई घरी आल्यावर म्हणाली. ती इस्पितळात परिचारिका होती. वॉर्डात चाळीस माणसांचं नीट करणाऱ्या बाईला घरातल्या एका मुलीचं काय करावं ते कळेना.

“सगळंच बरं वाटतं गं,” शाल्मली म्हणाली. “पण नुसतं बरं. तब्बसुमला मगरी आवडतात तसं मला काहीच नाही आवडत.” आणि तिला रडू आलं.

सपाट मुलांसाठी नियमात एक सवलत होती. आठवडाभर पट्टी घरी न्यायची आणि रोजच्या जगण्यात बांधून हिंडायचं. लोक तिला घरपट्टी म्हणत. अट एकच, की ती दुसऱ्या कुणाच्या कपाळाला लावायची नाही. लावली तर तीन वर्षं कुठल्याच शाखेत प्रवेश नाही. अट कडक होती, कारण हुशार पोरांकडून शिखर उसनं घेण्याचा धंदा तोवर सुरू झाला होता. जिथे मापन आलं तिथे पळवाट आलीच.

शाल्मली पट्टी बांधून हिंडली. एका दुपारी ती सुमनआत्याकडे गेली. आत्या सतारीच्या कारखान्यात जवारी काढायची, म्हणजे तारा ज्या पट्टीवरून जातात ती कानाने अंदाज घेत घासायची. “बस हितं. बोलू नगंस,” आत्या म्हणाली आणि कामात बुडाली. शाल्मली बसली. आत्याने एक तार छेडली. पडद्यांखालच्या बारीक तारांना कुणी हात लावला नव्हता, तरी त्या गुणगुणायला लागल्या.

“ह्या कशा वाजल्या?”

“तरफा हायती त्या. त्यास्नी छेडाय लागत न्हाई. वरची बोलली की आपसूक बोलत्यात.”

दुसऱ्या दिवशी ती वर्गातल्या तब्बसुमबरोबर कृष्णाकाठी मगरी बघायला गेली. तब्बसुम मुजावरचं शिखर इतकं उंच होतं, की केंद्राने ते भिंतीवर लावलं होतं. “ती बघ, ती! पाठीवरनं ओळखते मी तिला,” ती कुजबुजली. संध्याकाळ कधी झाली ते दोघींनाही कळलं नाही. उरलेले दिवस शाल्मली आईबरोबर वॉर्डात बसली.

आठवड्याने पट्टी परत दिली आणि चौथ्या दिवशी केंद्रातून बोलावणं आलं. पेढ्यांचं नव्हतं.

हेरवाडकर सरांनी पडदा मायलेकींकडे वळवला. पडद्यावर तीन शिखरं होती, तिन्ही वेगळ्या विषयांची. “एवढी सपाट मुलगी, आणि आठवड्यात तीन शिखरं? हे दुसरं तर त्या मुजावरच्या मुलीचं आहे. वळणसुद्धा तेच. तू पट्टी कुणाकुणाला लावलीस?”

“कुणालाच नाही, सर.”

“हे बघ, खरं सांगितलंस तर मी शिफारस करून एखादं वर्ष कमी करून घेईन.”

आई पुढे सरकली. “सर, माझी मुलगी खोटं बोलत नाही. तिला आवड नाही एवढाच तिचा गुन्हा आहे.”

“ताई, रेघ खोटं बोलत नाही,” सर म्हणाले. ते दुष्ट नव्हते. खोट्या शिखरापायी खऱ्या मुलाची जागा गेलेली त्यांनी पाहिली होती.

“मग आत्ता बांधा,” शाल्मली म्हणाली. “तुमच्यासमोर. पण त्या कक्षात नको. तिथे मला काहीच होत नाही. इथे, तुमच्या शेजारी बसते. आणि तुम्हीही एक बांधा, म्हणजे माझी तुम्हाला लावली असं व्हायचं नाही.”

“मी? माझी ओढ आता पेन्शनीची,” सर हसले. पण नियमात बसत होतं, म्हणून त्यांनी पट्टी बांधली. पडद्यावर दोन रेघा उमटल्या, दोन्ही सपाट. चहा आला. सरांनी कप ठेवायला टेबलावरची फाईल उचलली, थबकले, आणि ती बोटभर उंच धरून अलगद पलीकडे ठेवली.

“सर, मुंग्यांसाठी सरकवलीत?” शाल्मलीने विचारलं. फाईलखालून काळ्या मुंग्यांची रांग खिडकीकडे चालली होती.

“हं? हो. वाट मोडली की फार गोंधळतात बिचाऱ्या.”

“खिडकीत काय आहे त्यांचं?”

सरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि शरमल्यासारखे म्हणाले, “स्मशान.”

“मुंग्यांचं?”

“घरात कुणी मेलं की उचलून बाहेर नेतात, नेमक्या एका कोपऱ्यात. बघून नाही हं, वासावरून. मेल्यावर दोनेक दिवसांनी अंगाला एक वास सुटतो. मी एकदा घरी काय केलं, तो वास एका चांगल्या जिवंत मुंगीला लावला.”

“मग?”

“तिलाही उचलली! पाय झाडतेय, धडपडतेय, तरी स्मशानात नेऊन टाकली. ती उठून घरी आली, तर पुन्हा नेली.” सरांचे डोळे चमकत होते. हे बोलताना ते दहा वर्षांनी लहान दिसत होते.

“किती वेळ असं?”

“अंग पुसून पुसून वास जाईपर्यंत. तोवर ती बिचारी कितीही हलली तरी त्यांच्या लेखी...”

सर थांबले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

दोन्ही रेघा उंच चढल्या होत्या. आधी त्यांची, आणि किंचित मागून शाल्मलीची, त्याच वळणाने. एवढंच असतं तर नवल संपलं असतं. पण शाल्मलीने जिथे जिथे पुढचं विचारलं होतं, तिथे तिथे सरांची रेघ आणखी वर गेली होती, आणि उतरायला हवी तिथे उतरली नव्हती.

“हे काय आहे?” ते स्वतःशीच म्हणाले.

“तरफ,” शाल्मली म्हणाली. मग तिने आत्याच्या कारखान्यातलं सगळं सांगितलं. “मी एकटी वाजत नाही, सर. पण कुणी शेजारी वाजलं की... आणि आत्या म्हणते, तरफा काढल्या तर वरच्या तारेचा सूर लगेच मरतो.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “तीस वर्षं बघतोय मी मुंग्या. घरी ह्या विषयाला बंदी आहे. आमच्या वेळी ओढ कुणी विचारली नाही आणि नंतर मीही कुणाला सांगितली नाही. ‘मग?’ असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं गं.” मग ते उठून आईसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. “ताई, जिवंत पोर मी तीनदा स्मशानात नेऊन ठेवलं. माफ करा.”

आईने पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. पेढे थोडे सुकले होते, पण तिघांनी खाल्ले.

असल्या ओढीची शाखा तेव्हा नव्हती. सरांनी वरिष्ठांशी वर्षभर भांडून शाल्मलीला दर सहामाहीला वेगळ्या ठिकाणी शिकायची परवानगी मिळवली. ती प्रयोगशाळेत बसली, शेतीशाळेत बसली, मनोरुग्णांच्या वॉर्डात बसली. कामही शिकली, नुसती बसली नाही. जिथे ती जाई तिथली माणसं अडलेल्या कोड्यापाशी जास्त वेळ टिकत. तब्बसुम पुढे मगरींची तज्ज्ञ झाली. नदीतल्या मगरी माणसांवर धावून का जातात याचं उत्तर तिला सापडलं, तेव्हा तिने मुलाखतीत सांगितलं, “मी तीनदा सोडून द्यायला निघाले होते. शाल्मली काठावर येऊन बसली आणि म्हणाली, मग?”

निवृत्तीनंतर हेरवाडकर सरांनी आधीच्या वर्षांतली सपाट मुलं शोधायला सुरुवात केली. बरीच भेटली. एक बस चालवत होता, एक घरातून बाहेर पडेनाशी झाली होती. ज्यांना स्वतःला आपण सपाट आहोत हे पटलं होतं, ती सर्वांत अवघड. सर त्यांच्या शेजारी जाऊन बसत आणि मुंग्यांचं सांगत. कुणाची रेघ चढे, कुणाची चढत नसे. ते गेले तेव्हा यातले कितीतरी जण खांदा द्यायला आले होते, आणि शाल्मली तिथे मोकळेपणी रडली. आपलं आयुष्य एका माणसाने फाईल अलगद उचलल्यामुळे मिळालं, असं ती अजून सांगते.

आज केंद्रप्रमुखाच्या खोलीत ती बसते. निवांत कक्षाचं काचेचं दार तिने काढून टाकलं आहे. खिडकीत चिमूटभर साखर असते. टेबलाशी खुर्च्या दोन आहेत, शेजारी शेजारी.

परवा एक मुलगी आली. तीनदा सपाट, मान खाली, आणि बाहेर पिशवी घट्ट धरून बसलेली आई.

“मला काहीच आवडत नाही, मॅडम,” ती म्हणाली. हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं, की आता त्यात दुःखही उरलं नव्हतं.

“बरं, ते राहू दे,” शाल्मली म्हणाली. तिने शेजारची खुर्ची ओढून दिली. “मला सांग, तुला कुणाशेजारी बसायला आवडतं?”