हक्कसोड

"सही कर ताई, नाहीतर या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस!"

धाकट्या भावाने पाहणीचा कागद ताटाशेजारी आपटला आणि ताईच्या हातातला घास हातातच राहिला... आई-बाबा गेले तेव्हा आठ वर्षांच्या या पोराला याच स्वयंपाकघरात तिने मांडीवर घेऊन भरवलं होतं, त्याच्यासाठी स्वतःला आलेली स्थळं एकामागून एक परतवली होती!

ताई पीक-अनुदानाच्या कार्यालयात पाहणीचं काम करी. शेतकऱ्याने अर्जात लिहिलेली पेरणी शेतात खरोखर आहे का, हे मोजून तिने सही केली, की सरकारचे पैसे सुटत. "माझ्या भावाच्या शेतावर दुसऱ्या कुणाला पाठवा," असं तिने साहेबांना परोपरीने विनवलं होतं, पण माणसंच कमी! आणि नदीकडच्या ज्या तुकड्यात भावाने सूर्यफूल लिहिलं होतं, तिथे नुसतं गुडघाभर तण माजलेलं...

"सगळं गाव वाढवून लिहितं. तुझा प्रामाणिकपणा माझ्यापाशीच उतू जातो का गं?"

"फेरतपासणी झाली तर अनुदानाच्या यादीतून तुझं नाव कायमचं कटेल रे... कशी करू मी सही?"

"खरं सांगू? पोटात दुखतंय तुझ्या! बाबांनी सगळं शेत मला दिलं, तुला वाटा दिला नाही, म्हणून!"

दाराआड भावजय मुसमुसत होती. ताईच्या ओठांवर एक वाक्य आलं... एकच! पण ते तिने आवंढ्याबरोबर गिळलं, हात धुतले, कागदावर 'पेरणी नाही' असं लिहिलं आणि ती उंबरा ओलांडून निघून गेली.

सात वर्षं गेली! या काळात फेरतपासणी झाली, वाढवून लिहिणाऱ्यांची नावं कटली, भावाचं तेवढं राहिलं. पण त्याचा पाय काही बहिणीकडे वळला नाही. त्याचं शेत आता नव्याने आलेला पाहणीदार बघे. तो परतला की ताई त्याच्यापुढे चहा ठेवी आणि फायली चाळत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारी, "नदीकडच्या तुकड्यात काय आहे यंदा?"

"सूर्यफूल. चांगलं आलंय. घरापुढे एक मुलगी खेळत होती, थेट बापाचा तोंडवळा!"

ताई पाठ वळवी. न पाहिलेल्या त्या चिमण्या मुखाची मूर्ती मनात घडवत भाड्याच्या खोलीतले तिचे कितीतरी दिवस सरत...

मग नवा नियम आला : जमीन आपल्याकडे कशी आली, याची जुनी कागदपत्रं जोडल्याशिवाय अनुदान नाही. आणि एका भर दुपारी कार्यालयाच्या खिडकीवर, अर्जदारांच्या रांगेसमोर मान खाली घालून बसलेल्या ताईच्या कानांवर तो आवाज पडला.

"ताई..."

खिडकीपलीकडे भाऊ उभा होता! कानशिलं पांढरी झालेली, हातात एक पिवळा पडलेला कागद.

"शेत दोघांच्या नावावर होतं. मी अठराचा झालो, त्याच महिन्यात तू तुझा अर्धा हक्क सोडलास. मी तेव्हा न वाचताच सह्या ठोकल्या... का सोडलास गं?"

"दोन नावं म्हटली की दोन अर्ज, दोन पाहण्या... पैसे वर्ष-वर्ष रखडायचे. तू नुकता शेतात उतरला होतास. म्हटलं, तुझं तरी सुरळीत होऊ दे."

"मग मी नाही नाही ते बोललो, तेव्हा गप्प का बसलीस?"

"भरवलेल्या लेकराला काय उपकार मोजून दाखवू?"

भावाला हुंदका आवरेना. डोळे पुशीत त्याने दुसरा कागद पुढे सरकवला. "तुझा वाटा परत तुझ्या नावावर करतोय. एवढी सही दे, आणि घरी चल. पोरगी रोज विचारते, आत्या कुठे असते म्हणून..."

पाणावलेल्या चष्म्यातून सवयीने ताईने कागद वाचला आणि ती दचकलीच. "वेडा आहेस का? हंगामाच्या तोंडावर नाव बदललं तर यंदाचं अनुदान अडकेल तुझं!"

"अडकू दे!"

ताईने खिडकीतून हात बाहेर काढला. भावाने तो दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला... आणि सकाळपासून उन्हात ताटकळलेल्या त्या रांगेतलं कुणीसुद्धा, 'आटपा लवकर' म्हणालं नाही.