फहाहील बंदरावर जेवायला कुठे जावे

"सदर महिला ही मंडळाच्या परिचयाची नव्हती, आणि ती तिथे कोणाचीही वाट पाहत नव्हती."

कुवेतमधल्या एका मराठी मंडळाने गेल्या वर्षी जूनमध्ये काढलेल्या खुलाशातलं हे वाक्य. वाक्य सुबक आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. चूक आहे ती तर्काची. जी बाई परिचयाचीच नव्हती, ती कोणाची वाट पाहत होती की नव्हती, हे मंडळाला कळलं कसं? अनोळखी माणसाच्या मनातलं इतक्या खात्रीने सांगता येतं ते एकाच परिस्थितीत.

तो अनोळखी नसतो तेव्हा.

पुढे जे सांगायचं आहे ते घडलेलं आहे. ज्यांना ती भाकडकथा वाटेल त्यांनी वरचा खुलासा पुन्हा वाचावा. भाकडकथा तिथे आहे.

सदर महिलेला नाव होतं. फखरुन्निसा. रत्नागिरीकडच्या. फहाहीलच्या मासळीबाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांत त्यांची खानावळ होती, आणि नव्याने आलेलं निम्मं मराठी कुवेत तिथे जेवून स्थिरावलं होतं. त्यांना सगळे आपा म्हणत. त्या सापडल्या सबाह अल-सालेम वस्तीतल्या एका इमारतीखाली, पार्किंगमध्ये, भर उन्हाळ्याच्या दुपारी. भिंतीला टेकून बसलेल्या. मांडीवर घावण्यांचा डबा. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण उष्माघात म्हटलं.

त्याच इमारतीत, वर मंडळातल्या ज्ञानदाच्या फ्लॅटमध्ये, त्या दुपारी मंडळाचं स्नेहभोजन चाललं होतं.

आपांची मुलगी झुलेखा भेटेल त्याला एकच विचारत राहिली. "अम्मी कोणाची वाट बघत होती?" तिला दुसरं काही नको होतं. मंडळाने दिलेलं उत्तर वर आलंच आहे. त्याचा मसुदा ज्ञानदाने केला होता. ती बँकेत आहे. मसुदे चांगले करते.

यंदा मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं, आणि 'फहाहील बंदरावर जेवायला कुठे जावे' हा लेख ज्ञानदाकडे आला. माशांतलं तिच्याइतकं कुणाला कळतं, असं सगळे म्हणाले. तिला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

जूनमधला शुक्रवार. दुपारची नमाज नुकतीच सुटली होती. सकाळपासून हवेत धूळ होती. ऊन होतं, पण सावल्या नव्हत्या.

"तू लिही, मी खातो," गाडी लावताना सुयश म्हणाला. "नवऱ्याचा एवढा तरी उपयोग कर."

"तुला सुरमई आणि बांगड्यातला फरक कळत नाही."

"म्हणून तर. मी सामान्य वाचक आहे."

बंदरासमोरच्या हॉटेलात त्यांनी भाजलेला हामूर मासा मागवला. नबील नावाचा वेटर आला. त्याने ताटं मांडली.

तीन.

"तीन क्यूँ? हम दो हैं," सुयश म्हणाला.

नबील गोंधळला. "वो खाला साथ में नहीं थीं? अभी तो यहीं…"

"कौन खाला?"

"बोलीं, मॅडम के आने तक रुकूँगी."

सुयश हसला. "बघ, तुझ्या सासूबाई पुण्याहून थेट आल्या."

ज्ञानदा हसली नाही. तिच्या शेजारची खुर्ची टेबलापासून थोडी मागे ओढलेली होती. कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी…

हामूर आला. तिने घास घेतला. मीठ नव्हतं, आंबट नव्हतं, धूर नव्हता. काहीच नव्हतं.

"मस्त आहे गं," सुयश बोटं चाटत म्हणाला. "लिही, अप्रतिम."

तिने लिहिलं, अप्रतिम. न लागलेल्या चवीबद्दलही तिला चांगलं लिहिता येत होतं.

तिथून ती दोघं मासळीबाजारात शिरली. फळ्यांवर मासे होते, बर्फ होता, विक्रेते ओरडत होते. आणि वास नव्हता. मासळीबाजारात उभं राहून माशाचा वास येऊ नये, ही गोष्ट मनाला समजायला वेळ लागतो.

मग एक वास आला.

तापलेल्या तव्यावर तांदळाचं पीठ ओतल्याचा…

"सुयश, तुला येतोय?"

"काय?"

ती चालू लागली. मागच्या गल्लीत. पाय तिला न विचारता वळत होते. कुवेतमधल्या पहिल्या वर्षी ती रोज याच वाटेने जेवायला येत असे.

झुलेखाने खानावळीच्या खोल्या केव्हाच सोडल्या होत्या. तिथे आता कुणाचं तरी गोदाम होतं, हे ज्ञानदाला माहीत होतं.

पण दार अर्धवट उघडं होतं.

आत अंधार नव्हता. तेच फुलाफुलांचं मेणकापड टेबलावर. त्यावर एक ताट, दुसरं ताट पालथं घालून झाकलेलं. कडेने वाफ निघत होती. बाजारातला गलका गल्लीच्या तोंडाशीच थांबला होता. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

आतल्या खोलीत तव्यावर काहीतरी चर्र झालं.

"आयलीस गो?"

आवाजात राग नव्हता. तेच असह्य होतं. राग असता तर तिच्याजवळ उत्तर होतं. तिने त्याचाही मसुदा केला असता.

"बस. गरम हाय…"

ज्ञानदा मागे सरली. उंबऱ्याला टाच लागली. आणि पळण्याआधी, आजवर हजार घरांतून निघताना तिच्या तोंडून गेलं होतं, तेच तोंडून गेलं.

"येते हं मी."

आत तवा शांत झाला. एक खुर्ची ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी वाट पाहायला बसलं…

सुयश मागून पोचला तेव्हा ती गल्लीत उभी होती.

"कुणाला म्हणालीस, येते?"

तिने दाराकडे बोट दाखवलं. सुयशने जाऊन पाहिलं. दाराला कुलूप होतं. कुलपावर धुळीचा थर होता, आणि तो कुणीही विस्कटलेला नव्हता.

गाडीत बसल्यावर, काचा बंद करून, ज्ञानदाने झुलेखाला फोनवर निरोप बोलून पाठवला. झुलेखाने तो ठेवला आहे. ती म्हणते, त्यात मागे काहीतरी तव्यावर ओतल्यासारखं ऐकू येतं. सुयशला तसं काही ऐकू येत नाही. पण त्याने तो एकदाच ऐकला, आणि पुन्हा ऐकायला तो तयार नाही.

स्मरणिकेतला लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला. शुक्रवारी दुपारी बेल वाजली की दार सुयश उघडतो. ज्ञानदा आतल्या खोलीत असते, आणि कोण आलंय हे विचारत नाही.

मंडळाने आपला खुलासा अजून मागे घेतलेला नाही. म्हणून तो निरोप इथे शब्दशः देणं भाग आहे:

"झुलेखा, ज्ञानदा बोलतेय. त्या दिवशीचं माशाचं कालवण तुझ्या अम्मीने केलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं की मी केलंय. सुयश सकाळी घेऊन आला, पण घावण्यांचा डबा तिकडेच राहिला, म्हणून आपा तो घेऊन स्वतः आल्या. दार मी उघडलं. मागून कुणीतरी विचारलं, कोण आहे गं? मी म्हटलं, कुणी नाही, पत्ता चुकलाय. आपांनी ऐकलं. तिथेच उभ्या राहिल्या. मला दार लावायचं होतं. मी हळूच म्हटलं, येते हं मी. आपण निरोप घेताना सवयीने म्हणतो ना, तसं. त्याला काही अर्थ नसतो. त्यांना वाटलं, मी खाली येणार आहे. तू विचारत होतीस, अम्मी कोणाची वाट बघत होती. माझी, झुलेखा. आणि मला माहीत होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पार्किंग दिसतं. मी वाढता वाढता बघत होते."