चांदणीखालची हाक

ज्याला पटणार नाही, त्यानं खुशाल हसावं. कुंता माझी सख्खी मामेबहीण आहे, आणि खोटं बोलून तिला काय मिळणार? होतं ते गेलंच आहे.

दोन वर्षांपूर्वीचा चोवीस डिसेंबर. सिरोंच्याकडचं एक मिरचीचं शेत. वेळ दिवेलागणीची.

कुंताचं घर चंद्रपूरकडच्या सावली गावाजवळच्या एका खेड्यात. पिढ्यान्‌पिढ्या तलावात मासे धरणारी माणसं. धान कापून झालं की गावात काम नसतं, म्हणून ती टोळीबरोबर मिरची तोडायला गेली होती. नवरा धनराज, सासू रुखमाबाई आणि सहा वर्षांची डिंपल घरी. डिंपल म्हणजे तिचा जीव की प्राण. फोनवर पोरगी एकच विचारायची, "आई, कवा येशील?"

शेताची मालकीण तेलुगू, ख्रिस्ती. नाताळ म्हणून तिची दोन्ही मुलं हैदराबादहून घरी आली होती. अंगणात हसणंखिदळणं, तळणाचा वास, दारावर कागदी चांदणी. कुंताच्या तोंडात घास फिरत होता. मालकिणीला दया आली. जुनी चांदणी बल्बासकट देऊन ती म्हणाली, लाव तुझ्या झोपडीवर, दूरच्या माणसाला घर सापडतं.

तिथेच घात झाला.

कुंताच्या या मासे धरणाऱ्या लोकांत एक रीत आहे. डोंगा घेऊन पाण्यावर गेलेला माणूस धुक्यात अडकला, की घरची बाई तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दिवा धरते आणि नाव घेऊन तीनदा हाक मारते. तो दिव्याच्या रोखानं येतो. पण जो पाण्यावर आहे, त्यालाच हाक मारायची. घरी बसलेल्याला कधीच नाही. का, ते कोणी बोलत नाही. कुंतालाही हे लहानपणापासून माहीत होतं.

पण आईचं मन... त्याला कोण समजावणार?

चांदणी पेटली. लाल उजेड पडला. ती खाली उभी राहिली, आणि सवयीनं तोंडातून हाक गेली.

"डिंपल, ये वं. आईकडं ये."

एकदा. दोनदा. तीनदा.

रातकिडे थांबले...

मग वाळत घातलेल्या मिरच्यांवर पावलं वाजली.

चप... चप...

ओली पावलं. लहान.

गाळाचा वास आला. शिंगाड्याच्या वेलांचा, थेट तिच्या गावच्या तलावाचा. इथे तर जवळपास तलावच नव्हता. मिरच्या दबत होत्या, पण कुणी दिसत नव्हतं. पावलं दोन हातांवर येऊन थांबली.

"आलो वं आई."

जिच्यासाठी महिनाभर रडली, तिचाच आवाज ऐकून कुंता भ्याली. तिनं वायर ओढली.

अंधार झाला. पुढे काहीच वाजलं नाही.

थोड्या वेळानं मालकिणीच्या मोबाईलवर धनराजचा फोन आला. दिवेलागणीला डिंपल आजीजवळ पाळीवर खेळत होती. एकदम उठली, पाण्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "आईनं दिवा धरला." मग सरळ तलावात चालत गेली. रुखमाबाई धावेपर्यंत पाणी डोक्यावरून गेलं होतं.

मालकिणीच्या अंगणात गाणी चालूच होती.

गावी येऊन कुंतानं धनराजला सगळं सांगितलं. झाकून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोललेला नाही.

ती रोज सांजेला पाळीवर बसते. मागच्या नाताळात मीही शेजारी बसलो होतो. तिची समजूत काढायला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग शिंगाड्याच्या वेलांमधून, अगदी बारीक...

"आई, दिवा काऊन इझवला?"

मी ऐकलं. माझ्या या कानांनी.

कुंता रडली नाही. एवढंच म्हणाली, "चंद्रपूरले गेला त येक चांदणी आणजो, भाऊ. पोरगी अंधारात उभी हाय."

या वर्षी मी चांदणी घेतली. आठवडा झाला, पिशवीतून बाहेर काढली नाही. नेऊन दिली, तर ते पोर पाण्यातून बाहेर येईल. नाही दिली, तर तिथेच उभं राहील.

आज तेवीस तारीख आहे.