उसनी तहान

ग्राहक : शालन पाटोळे, ओतशाळा कामगार, वय एकोणचाळीस.
बारा दिवसांपूर्वीचे शब्द : "भट्टीपाशी जीव जळतोय. पाणी पिऊन पोट फुगतंय, पण तहान जाईत न्हाई."
गरज : भट्टीजवळ शरीर थंड राहावे.
आजचे शब्द : "काय तरास न्हाई."
समाधान : दहापैकी दहा.

नीरजा हुल्याळकरने शेवटची ओळ पुन्हा वाचली. थंडाव्याचं जाकीट अजून कागदावरच होतं, त्याला एक टाकाही पडला नव्हता. मग ही बाई समाधानी झाली कशाने?

तिने उजव्या कानामागची चकती चाचपली. शर्टाच्या बटणाएवढी, गुळगुळीत. शालनच्या कानामागे हिचीच जोडीदार होती.

त्या काळात वस्तू घडवणाऱ्यांनी ग्राहकाला प्रश्न विचारणं जवळजवळ सोडलं होतं. माणूस मागतो मोठा पंखा आणि त्याला हवी असते झोप. ही चकती घडवणाऱ्या डॉ. सबनीसांनी गरज जिभेवर शोधली नाही, मेंदूत शोधली. मेंदूच्या एका खोल घडीत सतत तुलना चालू असते: शरीर आत्ता कसं आहे आणि कसं असायला हवं. या दोहोंतलं अंतर म्हणजे गरज. आपण त्याला तहान म्हणतो, काहिली म्हणतो, कधी नुसतीच तगमग. त्या अंतराचा विद्युत-नमुना, म्हणजे 'गरजठसा', चकती एका डोक्यातून उचलते आणि दुसऱ्या डोक्यात उमटवते. अभियंत्याने तो ठसा घेऊन जगायचं. ज्या वस्तूने तो शांत होईल ती वस्तू जमली.

नीरजा बारा दिवस एसीत बसून शालनच्या उन्हाळ्यात जळत होती.

दोन वाजून वीस मिनिटं. घशात पुन्हा निखारा पेटला. तिने बाटली तोंडाला लावली. गार घोट उतरला, निखारा विझला.

बाटली तशीच हवेत राहिली.

तिने सबनीसांना फोन लावला.

"सर, ठसा एकाच बाजूने येतो ना? तिच्याकडून माझ्याकडे?"

"दोन्ही बाजूंनी जातो. गरज भागली हे दोघींना कळायला नको?"

"म्हणजे मी पाणी प्यायले की..."

"तिचीही तहान भागते... अरे."

"तिच्या पोटात थेंब न जाता, सर!"

"चकती काढू नकोस. काढली तरी तिची बारा दिवस निजलेली जाणीव आपोआप जागी व्हायला तीन-चार तास लागतात."

"तेवढा वेळ आहे का तिच्याकडे?"

उत्तराला ती थांबली नाही. नीरजा रस्ता ओलांडून ओतशाळेकडे पळत सुटली होती.

*

निरीक्षण, दोन एकतीस. बाहेर सत्तेचाळीस अंश. आत किती, ते काटा दाखवत नाही, तो टोकाला टेकलाय.

निरीक्षण. बाकीच्या बायका घामाने निथळतायत. शालनचं कपाळ कोरडं. ओठ फुटलेत. ती गुणगुणतेय.

"शालनताई, बाहेर चला. पाणी प्या."

"या या, म्याडम! आत्ता कुठलं पाणी? तहानच न्हाई."

"शेवटचं कधी प्यालात?"

"सकाळी, चाबरोबर." शालन हसली. "तुमी काय माझ्या सासूबाई हायसा व्हय, घोट मोजाय?"

"ऐका. तुमची तहान माझ्याकडे येते. मी पिते आणि तुम्हाला वाटतं तुम्हीच प्यालात. शरीर मात्र आतून वाळत चाललंय. घाम थांबलाय तुमचा, बघा."

"मंग बरंच की. तुमी पीत ऱ्हावा."

"तुम्ही मराल!"

"म्याडम." शालनचा आवाज खाली आला. "अठरा वरसं झाली हितं. घरी गेलो की पोरगी कोपऱ्यात सरकायची, आई आता वरडणार म्हणून. बारा दिस झालं, मी वरडलो न्हाई. काल तिनं माझ्या मांडीवर डोस्कं ठेवलं. त्ये परत घ्याया आलासा व्हय?"

नीरजाने माठातून तांब्या भरला. तो पुढे केला. शालनने तो हसतच बाजूला सारला. मग वळताना तिचा पाय वाकडा पडला, आणि आपण अडखळलो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

एकच वाट होती. गरज कोणीच भागवली नाही तर ती दोघींच्यात वाढणार होती. नीरजाने आपली बाटली वाळूत फेकली आणि ती भट्टीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

एक मिनिट. जीभ टाळूला चिकटली.

तीन. डोळ्यांपुढे काळं जाळं.

चार. पाणी दोन हातांवर होतं. नीरजाने हात पाठीमागे धरले, एकमेकांत घट्ट अडकवून.

गुणगुणणं थांबलं. शालनने गळ्याला हात लावला, कुणी दाबतंय असं वाटून तिने मागे वळून पाहिलं, आणि झेप घालून तांब्या उचलला. घटाघटा प्यायली. दुसरा मागितला. तिसऱ्याला खाली बसली. बायकांनी तिला ओढत सावलीत नेलं, ओल्या लुगड्यात गुंडाळलं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. नीरजाला वाटलं, ती रडेल किंवा आभार मानेल.

"तहान परत का दिलीसा?" शालनने विचारलं.

*

ग्राहक : ओतशाळेतील सात महिला. मुलाखत दुसऱ्या दिवशी, प्रत्येकीची वेगळी, बंद खोलीत.
प्रश्न : थंडाव्याचे जाकीट तीन महिन्यांत मिळेल. तोवर काय हवे?

शब्द : "जाकीट नगं. म्याडमच पायजेत."
शब्द : "शालनला दिलं तसलं."
शब्द : "मला बी म्याडम."
शब्द : "पाणी आठवणीनं पिईन की. तहान तेवढी घ्या."

उरलेल्या तिघींचेही तेच.

सबनीसांनी कागद टेबलावर ठेवले. "ग्राहकाचं म्हणणं आधी ऐका, हे नव्या अभियंत्यांना तूच शिकवतेस."

"एकीचा जीव चालला होता, सर."

"तुला माहीत नव्हतं म्हणून. आता माहीत आहे. कधी प्यायचं आणि कधी न पिता तडफडत बसायचं, म्हणजे त्यांनाही तहान लागेल आणि त्या उठून पाणी पितील."

"मी नाही म्हटलं तर?"

"कंपनी दुसऱ्या कुणाला बसवेल. वरून होकार आलाय. जाकिटापेक्षा खूप सोपं आहे हे." त्यांचा चेहरा ओढलेला होता, पण आवाज स्थिर होता. "तो माणूस तहान लागली की पिणार, नीरजा. कुणीही पितंच. थांबून दाखवलंय ते फक्त तू."

त्यांनी डबा उघडला. मऊ कापसावर नीरजासाठी सात चकत्या, कालची धरून; प्रत्येकीच्या चकतीची एक जोडीदार.

काचेच्या दारापलीकडे सातही जणी कामाच्या कपड्यांत उभ्या होत्या. भोंगा व्हायला दहा मिनिटं होती. पुढे शालन. नीरजाशी नजर मिळताच तिने अंगठा ओठांकडे नेला आणि मान डोलावली. प्या, म्याडम.

नीरजाने केस एका खांद्यावर घेतले आणि मान वाकवली.