इसिडोरचं रीळ

आधीच सांगून टाकतो. मी थापाड्या माणूस आहे.

काशीरामच्या सायकलच्या सीटला खाजकुयली फासली ती मीच. होळीच्या आदल्या दिवशी नळाच्या तोंडात रंगाची पुडी बसवून अख्ख्या गावठाणाला गुलाबी आंघोळ घातली, ती पण मीच.

पण ही गोष्ट खरी आहे. आईच्यान खरी.

गेल्या वर्षीची. सत्त्याऐंशीचा मे महिना. बोरीवली पश्चिमेला, गोराई खाडीच्या अलीकडे आमचं गावठाण. आणि रात्रबित्र काही नव्हती. अमावस्येचा काळोख नाही, कुत्र्यांचं रडणं नाही. जे झालं ते टळटळीत उन्हात झालं.

म्हणूनच आजही उन्हाची भीती वाटते.

रविवार होता. अकरा वाजलेले. चर्चमधून लोक परतत होते आणि मी काशीरामच्या सायकल दुकानाच्या फळीवर बसून युस्टेसची टर उडवत होतो.

एवढ्यात समोरच्या घरातून आवाज आला...

कर्र... कर्र... कर्र...

काशीरामने हातातला पाना खाली ठेवला.

समोरचं घर सेराफिनाबायचं. तिचा नवरा इसिडोर, म्हणजे या युस्टेसचा मोठा भाऊ, बहारीनला नोकरीला होता. येताना त्याने मासे पकडायचं रीळ आणलं. गळाच्या काठीला बसवतात ते. बाजूला छोटीशी मूठ, मध्ये फिरकी, फिरकीवर शंभर मीटर तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी. आम्ही सगळे हाताने गळ टाकणारे. अख्खं गावठाण ते रीळ बघायला लोटलं होतं.

वर्षभरापूर्वी, ओहोटीच्या वेळेला, इसिडोर खाडीच्या बांधावर गळ टाकायला गेला.

परत आला नाही.

काठी मिळाली. रीळ मिळालं. इसिडोर मिळाला नाही.

आणि रिळावर तंगूस नव्हता. शंभर मीटरमधला हातभरसुद्धा नाही.

सेराफिनाबायने ते रीळ ओटीवरच्या खिळ्याला टांगलं. तेव्हापासून ओहोटी लागली की ते आपोआप करकरायचं. आज अकराला, तर उद्या पावणेबाराला. खाडीचं घड्याळच जसं. आवाज सुरू झाला की सेराफिनाबाय उठून दाराकडे चालू लागायची. मग तिची पोरगी बेला धावत यायची, कडी लावायची आणि आवाज थांबेपर्यंत आईला कवेत घट्ट धरून बसायची. रात्रीच्या ओहोटीला दाराला कुलूप, किल्ली बेलाच्या उशाखाली.

आतासुद्धा कडी लावल्याचा आवाज आला. धाडकन.

"दादा बोलवतोय तिला," युस्टेस म्हणाला. "तिनेच खाल्लाय त्याला. जाऊ दे ना एकदाची."

वहिनीबद्दल असं बोलणारा माणूस. माझं डोकंच फिरलं.

"दादा नाय रे, गंज बोलवतोय," मी म्हणालो. "खारी हवा, आत वाळू. वारा लागला की फिरकी फिरते आणि करकरते. घासलेटात धुतलं, दोन थेंब तेल सोडलं, की गप्प."

"तू शिवणाची मशीनं बघ. बायकांचे फ्रॉक शिव."

"मशीन काय, रीळ काय, चाकाला दात असले की माझ्या बापाचं."

"लाव पैज!" युस्टेस उठून उभाच राहिला. "पुढच्या रविवारपर्यंत एकदा जरी करकरलं ना, तर तू लुगडं नेसायचं. डोक्यावर कळशी. क्रुसासमोरच्या विहिरीवरून पाणी भरायचं, सगळ्या गावासमोर."

"आणि नाय करकरलं तर तू."

"मी."

काशीराम हात चोळत म्हणाला, "कोणीही हरा यार, लुगड्यातला माणूस बघायचाय आपल्याला."

मी खूश. घरी गेल्यावर मालनला, म्हणजे बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्हाला लुगडं शोभणार नाही, पोट केवढं सुटलंय."

दुपारी बेला रीळ घेऊन माझ्या शिलाईमशीनच्या दुकानात आली. वर्तमानपत्रात गुंडाळून, मेलेला पक्षी आणावा तसं.

"काका, तुमची पैजबीज काय ती असू दे. पण हे खरंच गप्प करा." तिच्या दोन्ही दंडांवर काळेनिळे वळ होते. "आईला जोर येतो. कालच माझा एक हात सुटला. एक दिवस दोन्ही सुटतील."

मी पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही.

कामाला लागलो. बाजूच्या झाकणाचे तीन स्क्रू. ते इतके गंजलेले, की घासलेटात तासभर ठेवले तेव्हा कुठे हलले.

झाकण निघालं. आणि आतून पाणी सांडलं.

थेंबभर नाही. वाटीभर.

वर्षभर खिळ्यावर लटकलेलं रीळ. मुठीएवढं. त्यातून वाटीभर पाणी?

जीभ लावून बघितली. खारट.

'पोरीने धुवायचा प्रयत्न केला असणार,' असं मनाला सांगितलं. मनाला थापा मारण्यातही मी पटाईत.

फिरकी काढली. बेअरिंगचे छर्रे काढले. दातांची दोन चाकं, आणि तंगूस सारखा गुंडाळायला डावीउजवीकडे सरकणारी ती नळी, सगळं सुटं केलं. नळीच्या खाचेत वाळू आणि मीठ घट्ट बसलेलं. जुन्या टूथब्रशने घासलं, टाचणीने कोरलं. पुन्हा घासलेट, पुन्हा ब्रश. फडक्यावर उन्हात सुकवलं. मग छर्ऱ्यांना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. चाकांच्या दातांना नखभर ग्रीस. जास्त नाही. जास्त झालं की धूळ धरते.

जोडलं. मूठ फिरवली.

काही आवाज नाही. लोणी.

बोटाने टिचकी मारली, तर फिरकी गरगर फिरत राहिली, अगदी मुकाट.

सोमवारी ओहोटी लागली. पावणेबारा. सगळं गावठाण कान लावून बसलेलं.

काही नाही...

मंगळवार. काही नाही.

बुधवार, गुरुवार. काही नाही.

मी युस्टेसच्या दारावरून शीळ घालत जायला लागलो. "लुगडं हिरवं नेसशील की लाल? मापाचा ब्लाऊज मी शिवतो, फुकट!" त्याने माझ्या दिशेने चप्पल भिरकावली.

बेला चार दिवस झोपली. शांत. खिळ्याकडे बघायचीसुद्धा गरज तिला वाटली नाही. ओहोटीला सवयीने कडी लावायची तेवढीच, शुक्रवारी तीही राहिली.

शुक्रवार. दुपारचे तीन.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी सहज सेराफिनाबायच्या दारावरून चाललो होतो. म्हटलं, आपलं काम एकदा डोळे भरून बघावं.

दार उघडं होतं.

ओटीवर कोणी नाही. खिळ्यावर रीळ.

रिळाची मूठ फिरत होती.

हळू नाही... वेड्यासारखी. दिसत नव्हती इतकी जोरात. रिकामी फिरकी गरगरत होती, एखादा मोठा मासा दोर घेऊन पळत सुटावा तशी.

आणि आवाज नाही. जरासुद्धा नाही.

"बेला!"

ती मागच्या अंगणात वर्षाचा मसाला करायला मिरच्या भाजत होती. तोंडाला फडकं बांधून बाहेर आली.

"आई कुठाय?"

"ओटीवरच आहे की. आवाज कुठे आला?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने रिळाकडे बघितलं.

आम्ही धावलो.

खाडीवर पाणी ओसरत होतं. बांधाच्या पलीकडे चिखल, आणि चिखलात... सेराफिनाबाय. कमरेपर्यंत. आमच्याकडे पाठ. चालत होती. चिखलात माणूस धडपडतो, थांबतो, हात पसरतो. ही सरळ चालत होती. सुईमागून दोरा जावा तशी.

मी उडी टाकली. तिचे खांदे धरले. बेलाने तिची कंबर धरली. तरी ती जातच होती, आम्हा दोघांना घेऊन.

मी चिखलात हात घातला. तिच्या घोट्याला काहीतरी काचत होतं.

तंगूस.

ताणलेला, तारेसारखा. तिच्या घोट्यापासून निघून सरळ खाडीच्या पाण्यात गेलेला.

खिशात माझी दोरे कापायची कात्री असतेच. तंगुसाला डाव्या तळहाताचा वेढा मारला, जरा ढील मिळाली, आणि कापला.

सेराफिनाबाय मागे कोसळली. सुटली.

पण खाडीकडचं टोक माझ्या तळहातात राहिलं.

एक क्षण ते ढिलं पडलं. कोणीतरी विचार करावा तसं...

मग हिसका बसला. तंगूस माझा तळहात चिरत सळकन निघून गेला, पाण्यात.

बांधावर आणल्यावर सेराफिनाबायने डोळे उघडले. मला वाटलं, आता आशीर्वाद देईल.

तिने मला थोबाडीत मारली.

"आवाज कशाला बंद केलास रे मुडद्या? तो आवाज मला बोलवत नव्हता. त्या आवाजाने मला कळायचं, की त्याने ओढायला घेतलंय. मी चौकट धरायचे, क्रूस धरायचे, पोरीला हाक मारायचे. आज काही कळलंच नाही. बसल्या जागी पाय निघाले."

"पण इसिडोर... तुझा नवरा असं का करेल?" मी विचारलं.

ती खाडीकडे बघत होती.

"तो इसिडोर आहे असं तुला कोणी सांगितलं?"

शनिवारी मी रीळ पुन्हा उघडलं. माझ्याच हाताने लावलेलं तेल पुसलं, ग्रीस खरवडून काढलं. खाडीची मूठभर वाळू आणली, त्यात खडेमीठ मिसळलं आणि चाकांच्या दातांत कोंबलं. वीस वर्षं मशीनं दुरुस्त केली, बिघडवलं पहिल्यांदाच. बेला समोर बसून बघत होती.

मूठ फिरवली.

कर्र... कर्र...

बेला रडायला लागली. आनंदाने. आणि खरं सांगतो, मीसुद्धा.

"फेकून का नाही देत?" असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. बेला म्हणाली, "फेकलं की ओढ थांबेल, असं लिहून देता का काका?"

मी युस्टेसला जाऊन सांगितलं, "हरलो."

त्याने कारण विचारलं नाही. फक्त दात दाखवले.

रविवार, संध्याकाळचे पाच वाजायला आलेले. क्रुसासमोर ही गर्दी! सेराफिनाबायचं लाल चौकड्यांचं लुगडं मला मालननेच नेसवलं, हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी. काशीराम सायकलच्या घंट्या वाजवत होता. युस्टेस खुर्ची टाकून बसला होता, लग्नाला बसावा तसा.

"पदर घे गं डोक्यावर! लाज नाय काय?"

"कळशी भर! कंबर हलव!"

मी पण मग हलवली. आपण कशात कमी नाही. विहिरीवर गेलो, कळशी भरली, डोक्यावर घेतली. शिट्ट्या. टाळ्या. क्रुसाच्या पायरीवर सेराफिनाबाय बसली होती, तिचा हात बेलाच्या हातात.

आणि सेराफिनाबायच्या ओटीवरून...

कर्र... कर्र... कर्र...

शिट्ट्या थांबल्या. सगळ्यांच्या माना सेराफिनाबायकडे. बेलाने तिला गच्च आवळलं. काशीराम धावला, मालन धावली. चार जणांनी तिला धरलं.

ती हललीच नाही.

"सोडा," ती म्हणाली. "आज मला काही होत नाहीये."

मग तिने वर बघितलं. सरळ माझ्याकडे.

माझा डावा तळहात पेटला होता.

आणि माझा पाय उचलला गेला. मी उचलला नव्हता.

एक पाऊल... दुसरं... खाडीच्या रस्त्याकडे. डावा हात पुढे ताणलेला, कोणीतरी बोट धरून न्यावं तसा. कळशी पडली, पाणी उडालं. गर्दी खदाखदा हसली.

"अरे, नाचतोय बघा!"

"मालन, धर मला!" मी ओरडलो. "आईच्यान, धर!"

"चला, नाटकी कुठले!" मालन पोट धरून हसत होती. "आवरा आता!"

"काशीराम! अरे कोणीतरी धरा रे!"

काशीरामने घंटी वाजवली.

थापाड्याची हाक होती. कोण उठणार?

सेराफिनाबाय उठली. बेलाचा हात झटकून धावत आली, माझ्या लुगड्याचा पदर पकडला आणि विहिरीच्या लोखंडी कठड्याला दोन गाठी मारल्या. मग माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि कठड्याला पाय रोवून बसली. लुगड्याचे धागे तुटत होते. ते मला ऐकू येत होतं.

कर्र... कर्र... कर्र...

किती वेळ गेला, माहीत नाही. मग थांबलं.

मी घामाने भिजून कठड्याला टेकलो. अख्खं गावठाण उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आजवरची माझी सगळ्यात झकास चेष्टा म्हणे. युस्टेस खुर्चीवर चढला होता, तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारत होता.

"वन्स मोअर!" तो ओरडला. "वन्स मोअर!"

सेराफिनाबायने माझं मनगट सोडलं नव्हतं.

"होणारच आहे," ती हळूच म्हणाली. "दिवसातून दोनदा."