एकाच गालावरचे फोड

"माझ्या सुनेनं नवऱ्या मुलाचं थोबाड जाळलं. एवढं कागदावर लिहून द्या. मी ते घोटीला, मुलाकडच्यांना नेऊन दाखवते."

लंकाबाई खुर्चीत बसायच्या आधीच बोलून मोकळ्या झाल्या. लग्नाआधी स्थळांची चौकशी करून देणारी खासगी गुप्तहेर म्हणून ज्योत्स्ना आहेरचं नाव सातपूरपर्यंत पोचलं होतं. दाराशी तिचा मदतनीस झुंबर उभा होता. पूर्वी तो कारखान्यात वॉचमन होता, आणि अजून प्रत्येकाच्या पिशवीकडं संशयानं बघायचा.

"आधी पुरावा, मग कागद," ज्योत्स्ना म्हणाली. "बसा मावशी. पहिल्यापासून सांगा."

लंकाबाईंना पहिल्यापासून सांगायला फार आवडायचं.

त्यांचा मुलगा महेश सातपूरला प्लेटिंगच्या, धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यात. तिथं ॲसिडच्या वाफा, तोंडाला मास्क घट्ट बसायला हवा, म्हणून रोज गुळगुळीत दाढी. रोजच्या वस्तऱ्यानं त्याची मान सोलून निघायची. म्हणून सून योगिनीनं द्राक्षाच्या बियांचं तेल आणून त्यात थोडं एरंडेल घातलं. ओल्या गालावर चार थेंब चोळायचे, वर साबणाचा फेस, की वस्तरा लोण्यातून जावा तसा जातो. आधी महेशचे सोबती मागायला लागले, मग सलूनवाले. तपकिरी बाटल्या आल्या, त्यावर चिठ्ठ्या आल्या.

"आणि माझ्या नातीचा, आरोहीचा साखरपुडा झाला तवा मीच एक बाटली नवऱ्या मुलाच्या ताटात ठेवली. समोरच्या साऱ्या अर्धवट. शेवटी कपाटात मागं दडवलेली एक भरलेली सापडली. सूनबाई चांगला माल मागं सारते, मला ठावं हाय. पाव्हण्याला अर्धी बाटली कोण देतं?"

"मग?"

"हर्षलनं, म्हंजे नवऱ्या मुलानं, सकाळी ते तेल लावून दाढी केली अन् जीप घेऊन गेला सुरगाण्याला, भात बघायला. अंधार पडल्यावर आला. दुसऱ्या दिवशी गाल लाल, मग हे टपोरे फोड! त्याचा बाप वाल्मीकराव म्हणतो, महेशच्या कारखान्यातलं ॲसिड हाय. रविवारपर्यंत करणारा पुढं आणा, नायतर लग्न मोडलं अन् महेशवर केस."

"तुमचा संशय सुनेवर का?"

"तिला हे स्थळ नकोच होतं. लगीन पुढं ढकला, पुढं ढकला, एकच धोसरा. असलं स्थळ! अन् आमच्या घराण्यात नाव ठेवायला जागा नाय. पुतण्यासाठी पाह्यलेल्या पोरीच्या बोटावर पांढरा ठिपका दिसला, तर भर बैठकीत मी बोलून दाखवलं अन् चपला घातल्या. माझी नजर लय वाईट."

"दिसतंय," ज्योत्स्ना म्हणाली.

घोटीला हर्षल ओसरीवर बसला होता. पोरगा सरळ. लंकाबाईंना पाहून तशा अवस्थेतही पाया पडायला उठला. उजवा गाल कानापासून हनुवटीपर्यंत फोडांनी भरलेला, मानेची उजवी बाजू काळवंडलेली. डावा गाल जवळजवळ कोरा.

"तेल दोन्ही गालांना लावलं होतं?"

"हो. दाढीनंतर तोंडही नाही धुतलं, नुसतं पुसलं. तेलानं चकाकी राहते."

"लावल्यावर आग झाली?"

"काहीच नाही. उलट मस्त दाढी झाली."

वाल्मीकराव कडाडले, "त्या रात्री जेवण झाल्यावर मीही त्याच बाटलीतलं लावून दाढी केली. मला काही झालं नाही! पोराच्या तोंडावर मुद्दाम काहीतरी टाकलंय यांनी!"

"एकाच बाटलीतलं?" झुंबरनं विचारलं. "मग तेल चांगलंय की, मॅडम."

ज्योत्स्नानं बाटली उघडून तळहातावर थेंब घेतला. काळपट, घट्ट, कडवट वासाचा. तिनं तो झुंबरच्या दोन्ही मनगटांना लावला. "डावी बाही खाली ओढ. उजवी वर ठेव. आणि आता पायरीवर उन्हात बस."

"किती वेळ?"

"मी उठ म्हणेपर्यंत."

निघताना हर्षल हळूच लंकाबाईंजवळ आला. "आरोही बरी आहे ना? फोनवर नुसती रडते. म्हणते, काहीतरी सांगायचंय, पण समोर बसूनच सांगेन. शनिवारी येते म्हणाली."

"रडंल नाय तर काय? तुझं तोंड पाह्यलं का आरशात?" लंकाबाई म्हणाल्या. पण पोरगा त्यांच्या मनात भरला. असा जावई हातचा जातो की काय, हेच त्या सातपूरपर्यंत घोकत राहिल्या.

घरी महेश आधीच चिडून बसला होता. "ॲसिड घरी आणायला मी वेडा आहे? गेटवर झडती होते. आणि टाकलं असतं तर पोरगा तिथंच बोंबलला असता."

"बरोबर," ज्योत्स्ना म्हणाली.

योगिनीनं विचारायच्या आधीच सांगितलं, "तेल माझं आहे. माझ्याच हातून काहीतरी चुकलं असेल. तसं लिहा."

"काय चुकलं?"

"ते... ते नाही सांगता यायचं."

"तुमच्या तेलाचा रंग कोणता?"

"फिकट पिवळा." योगिनी म्हणाली.

"बघा!" लंकाबाई कडाडल्या. "चोराच्या तोंडून निघालंच!"

आरोही कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. पायांत मोजे.

"थंडी वाजते का गं?" ज्योत्स्नानं विचारलं.

"हिचं एक खूळ," लंकाबाईच बोलल्या. "साखरपुड्याला पाटावर बसली तीसुद्धा मोजे घालून. इकडं डॉक्टरनं हाडांसाठी ऊन घ्यायला सांगितलंय, तर रोज सकाळी गच्चीचं दार लावून एकटी बसायची. साखरपुडा झाला अन् ते बी बंद. विचारलं तर तोंड फिरवती."

ज्योत्स्नानं आरोहीकडं पाहिलं. आरोहीनं मान खाली घातली.

शनिवारी सकाळी ज्योत्स्ना आणि झुंबर पुन्हा आले. झुंबरच्या उजव्या मनगटावर चांगला सुपारीएवढा फोड होता. डावं मनगट स्वच्छ.

"एकच तेल, एकच कातडी," ज्योत्स्ना म्हणाली. "फरक उन्हाचा. हर्षल सकाळी घोटीहून उत्तरेकडं निघाला. सूर्य पूर्वेला, म्हणजे उजवीकडं, आणि चालवणाऱ्याची खिडकीही उजवीकडं. तासन् तास उजव्या गालावर ऊन. परतला तेव्हा अंधार. वाल्मीकरावांनी रात्री दाढी केली, ऊन लागलंच नाही. ॲसिड उन्हाची वाट बघत नाही, मावशी."

"मग हे कसलं तेल?" झुंबर मनगट चोळत म्हणाला.

"बावचीचं. वैद्य कोडावर देतात. डागावर लावायचं आणि बेताचं ऊन घ्यायचं. ऊन जास्त झालं की फोड येतात."

लंकाबाई हसल्या. "आमच्या घरात कुणाला कोड?"



"रोज दार लावून उन्हात कोण बसायचं?" ज्योत्स्नाचा आवाज खाली आला. "पाटावर मोजे कुणाच्या पायांत? आणि साखरपुड्यापासूनच ऊन घेणं का थांबलं? औषधाची बाटली त्याच दिवशी घराबाहेर गेली म्हणून. औषध कुणाला कळू नये म्हणून ते दाढीच्या तेलाच्या बाटलीत भरून, तीच चिठ्ठी लावून, बाटली मागं ठेवली होती. तिथून ती कुणी काढली, ते तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलं."

लंकाबाईंनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. मग सुनेकडं.

"माझ्यापासून का दडवलं?"

"तुमच्यापासूनच दडवायचं होतं, आई," योगिनी म्हणाली. तिच्या आवाजात रागसुद्धा उरला नव्हता. "त्या बैठकीत मी तुमच्या शेजारी बसले होते. त्या पोरीच्या आईचं तोंड मी पाहिलंय. डाग भरून यायला वेळ हवा होता, म्हणून लग्न पुढं ढकला म्हणत होते. हर्षलचे फोड ऐकले तेव्हाच मला कळलं. पण खरं सांगितलं तर आरोहीचं लग्न जातं, नाही सांगितलं तर हे आत जातात. आता माझंच नाव सांगा. चुकीचं तेल मिसळलं म्हणते मी."

"केस तुमच्यावर होईल," ज्योत्स्ना म्हणाली.

"होऊ द्या."

लंकाबाई उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या सुनेपुढं लहान वाटलं, आणि ते त्यांना सोसवेना. महेशच्या हातात त्यांनी फोन कोंबला. "लाव वाल्मीकरावाला. लाव म्हणते ना!"

"आजी, थांब," आरोही पुढं आली. "आजी, मला आधी..."

"तू गप. आजवर मी कुणाला भ्याले नाय."

आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात त्या बोलल्या. बाटली मी दिली. माझ्या पोराचा दोष नाय, सुनेचा नाय. नातीच्या पायाला कोड हाय, त्याचं औषध होतं ते.

पलीकडून वाल्मीकराव अगदी शांतपणे म्हणाले, "असं असेल तर केसचा विषय संपला, लंकाबाई. आणि लग्नाचाही. साखरपुड्याचं सामान पाठवून देतो. हर्षल, आत हो!"

मागून हर्षल काहीतरी विचारत होता. फोन कट झाला.

लंकाबाईंनी मान ताठ केली. "खरं बोलले मी. साऱ्यांना सोडवलं."

आरोही बाहेर जायच्या कपड्यांत उभी होती. खांद्याला पर्स होती. "मी आज त्याला सांगणार होते," ती म्हणाली. "पाय दाखवून. कदाचित तो बापाशी भांडला असता, कदाचित नसता. पण मी सांगितलं असतं. माझं होतं ते, आजी."

"अगं, तुझ्यासाठीच..."

आरोहीनं पर्स खांद्यावरून काढली, खुंटीला अडकवली आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

ज्योत्स्नानं झुंबरला खूण केली, दोघं निघाले. लंकाबाईंच्या हातून खाली पडलेला फोन उचलायला महेश वाकला तो तसाच बसून राहिला. योगिनी भिंतीकडं तोंड करून उभी होती. लंकाबाई आपल्याच घराच्या मध्यावर उभ्या होत्या, आणि त्यांना बसा म्हणायला कुणी नव्हतं.